बोटीच्या सफरीला निघालात? लाइफ जॅकेटआधी हे तपासा

ऐरोलीहून ठाणे खाडीत फ्लेमिंगो पाहायला नेणाऱ्या बोटींचा सीझन साधारण नोव्हेंबर ते मे असतो. त्याआधी बोटीची तयारी म्हणजे नेमकं काय?

खाऱ्या पाण्यात बोटीच्या तळाला शेवाळ आणि शंखांचे थर चिकटतात. त्यामुळे वेग घटतो आणि इंधन जास्त लागतं. म्हणून तळ खरवडून रंग देतात, इंजिन आणि सुकाणू तपासतात. पण खरी तयारी कागदावरही होते. इनलँड व्हेसल्स कायदा, २०२१ नुसार देशांतर्गत जलमार्गांवरील यांत्रिक बोटींना सर्व्हे आणि नोंदणी लागते. किती प्रवासी न्यायचे, तेही ठरलेलं असतं.

हे का महत्त्वाचं? १८ डिसेंबर २०२४ रोजी एलिफंटाला निघालेल्या 'नीलकमल' बोटीला नौदलाची स्पीडबोट धडकली. इंजिन चाचणीदरम्यान तिच्यावरचा ताबा सुटला, असं नौदलाने सांगितलं. १५ जणांचा जीव गेला. ८४ प्रवाशांची परवानगी असलेल्या 'नीलकमल'वर शंभरहून अधिक जण होते आणि अनेकांकडे लाइफ जॅकेट नव्हतं. त्यानंतर सरकारने जॅकेट सक्तीचं केलं.

जॅकेट बुडणाऱ्याला तरंगतं ठेवतं, जादा गर्दी मात्र थांबवत नाही. त्यामुळे चढण्याआधी बोटीची प्रवासी क्षमता विचारा. डोकी जास्त दिसली, तर पुढच्या फेरीची वाट पाहा.