कोळसुंद्याची दिवाळी

दिवाळी आली की दादर-घाटकोपरच्या बाजारांत झेंडूच्या राशी लागतात. त्याच सुमारास पवई, आरे या बाजूच्या ओलसर जागी एक जांभळे-निळे फूल उमलते. ते कुणी विकीत नाही, कुणी विकतही घेत नाही. त्याचे नाव कोळसुंदा.

अडुळसा, कोरांटी, कारवी यांच्या गोत्रातली ही वनस्पती. संस्कृतात ती कोकिलाक्ष. शास्त्रज्ञांनी नाव ठेवले हायग्रोफिला, म्हणजे ओलावा आवडणारी. काष्ठौषधींच्या दुकानात मिळणारा तालीमखाना तो हिचेच बी. उपवासाचा मखाना निराळा, बरे का!

हिच्या प्रत्येक पेराशी सहा लांब, सरळ काटे असतात. चरणारी गुरे त्यामुळे सहसा तोंड लावीत नाहीत. पाहुण्यांना मात्र दार मोकळे! फुलाच्या खालच्या ओठावर पिवळी खूण असते. मधमाशी किंवा काळा भुंगा तिथे उतरून आत शिरला, की वरच्या ओठाखालचे पराग त्याच्या पाठीला लागतात आणि पुढच्या फुलाला पोचतात. मयूर भिरभिरी हे नारिंगी फुलपाखरू तर हिच्या पानांवर अंडी घालते. सुरवंटांचे जेवण तिथेच.

या वनस्पतीला काही फार लागत नाही. पवई तलाव माणसानेच बांधलेला, १८९१ सालचा. त्याचेही तिला वावडे नाही. हवा असतो तो काठ : पावसात बुडणारा आणि पुढे हळूहळू उघडा पडणारा चिखलाचा पट्टा. सुशोभीकरणात पहिला बळी जातो तो नेमका याचा. पाणी तेवढेच राहते, पण भिंत उभी राहिली की काठ संपतो. पवईच्या काठी २०२१ साली सायकलमार्गाचे काम निघाले; मुंबई उच्च न्यायालयाने मे २०२२ मध्ये ते बेकायदा ठरवून जागा पूर्ववत करण्यास सांगितले. प्रत्येक लहान तळ्यासाठी न्यायालयात कोण जाणार?

तेव्हा आपल्या सोसायटीच्या आवारात लहानसे तळे असेल, तर त्याची एक बाजू मातीचीच राहू द्यावी. मुलांच्या खेळण्यापासून दूर, ओल्या चिखलात कोळसुंद्याचे बी टाकावे. आणि माळीबुवांना आधीच सांगून ठेवावे, नाही तर तण समजून ते पहिल्याच खेपेस उपटतील. एवढे केले, की निगा राखायला भुंगे आपणहून येतात; त्यांना दिवाळीची बक्षिसीसुद्धा द्यावी लागत नाही!