न संपणारा सप्टेंबर

आगगाडीत शिरेपर्यंत "अहो, जरा सरका" म्हणणारे गृहस्थ आत बसले, की पुढच्या स्टेशनावर स्वतःच दार अडवतात. इंटरनेटवरही हेच! तिथल्या 'यूजनेट' या जुन्या चर्चामंडळात दर सप्टेंबरात अमेरिकी कॉलेजांतली नवी पोरे येत, चुकत, महिन्याभरात रीतभात शिकत. १९९३ पासून व्यापारी कंपन्यांनी सर्वांनाच दार उघडले. जुनी मंडळी कुरकुरली, "हा सप्टेंबर संपतच नाही!"

परवा मावशीने पहाटे पाचला घरच्या व्हॉट्सअ‍ॅप गटात फुलांची चित्रे धाडली. मी सर्वांदेखत टोकले. ती मुकाट्याने गट सोडून गेली. संध्याकाळी क्षमा मागायला गेलो. म्हणाली, "लहानपणी तू ताटाबाहेर सांडायचास; पंगतीत कधी बोलले का रे?"

वाचकहो, नवख्याला कानात सांगावे, चारचौघांत नव्हे.