पंखा उतरवण्यापूर्वी

दक्षिण मुंबईतल्या जुन्या इमारती पुनर्विकासासाठी रिकाम्या होताहेत, पुण्या-नाशकातले वाडे पाडले जाताहेत. त्यांच्या छताला लटकलेले ओतीव लोखंडाचे पंखे बहुतेकदा थेट भंगारात जातात, आतल्या तांब्याच्या वजनावर. याचं आम्हाला मनापासून वाईट वाटतं. म्हणूनच हा अंक जुन्या पंख्यांना दिला आहे.

चोर बाजारातल्या मटन स्ट्रीटवर असा पंखा घेऊन जाणाऱ्याला काय ठाऊक असावं, या बाजूने आम्ही विषयाकडे पाहिलं आहे. कंपनीच्या नावाची पट्टी शाबूत आहे का? पाती मूळची, एकाच संचातली आहेत का? पात्यांचं वजन एकमेकांशी जुळवलेलं असतं. एक जरी बदललेलं असलं, तरी पंखा डुलू शकतो आणि भाव उतरतो. दांडा, वरची वाटी, भिंतीवरचा रेग्युलेटर, काहीच फेकू नका. रंगवून चकचकीत करण्याची घाई तर मुळीच नको, जाणत्या संग्राहकाला मूळचाच रंग हवा असतो. चालवून दाखवण्याआधी वायरमनकडून इन्सुलेशन तपासून घ्या. काही जुने पंखे डीसी विजेवरचे असतात, ते आजच्या घरातल्या जोडणीवर थेट लावता येत नाहीत. आणि १०० वर्षांहून जुना पंखा परदेशी पाठवायचा असेल, तर १९७२चा पुरावस्तू कायदा आधी पाहावा.

तुमच्याकडे असा पंखा असेल तर पट्टीचं छायाचित्र पाठवा, तो घरात कुणी आणला तेही लिहा. निवडक पत्रं पुढच्या अंकात छापू.