आसऱ्याला सातबारा कशाला?



२०२३ साली उस्मानाबादचं धाराशिव झालं. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. नावावरून भांडायला सगळे पक्ष रस्त्यावर आले. रात्री एसटी स्टँडच्या फरशीवर पोतं अंथरणाऱ्या माणसासाठी भांडायला कोण आलं? त्याचा पत्ता बदलला नाय, कारण त्याला पत्ताच नाय.

मी मुंबईच्या गोदीत ओझी वाहतो. मॅट्रिक झालोय, कविता करतो. आज कविता नाय, आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडतो.

लोक म्हणतात, बेघर म्हणजे नशिबाचा मारा. दारू प्याला, कर्ज काढलं, घर गेलं. हे साफ खोटं हाय. या देशात माणसाला बेघर ठेवतो तो कागद. ज्याच्या नावावर जमीन त्याला छप्पर, ज्याच्या नावावर काय नाय त्याला कांबळं, तेही थंडीत फोटो काढण्यापुरतं.

पुरावा पाहिजे? ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट आठवा. आपल्यातले बहुतेक तेव्हा जन्मले नव्हते, तर घरच्यांना विचारा. किल्लारी लातुरात, पण आपल्या जिल्ह्यातली सास्तूर, होळी, राजेगाव, पेठसांगवीही ढिगाऱ्याखाली गेली. भूकंपानं जात बघितली नाय, सातबारा बघितला नाय. सरकारनं बघितला. जागतिक बँकेच्या कर्जातून नवी गावं बांधली तेव्हा घराचं माप असं ठरलं : भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंतवाल्याला २५० चौरस फूट. एक ते सात हेक्टरवाल्याला ४००. सात हेक्टरच्या वर ७५०. म्हणजे शेत मोठं तर घर मोठं. मेलेल्यांचं दुःख सगळ्यांचं सारखं, पण जगणाऱ्याच्या भिंती तिप्पट कमी-जास्त.

यावर शहाणे म्हणतात, शेतकऱ्याला धान्य ठेवायला, बैल बांधायला जागा लागते. लागते ना. मग त्याला गोठा द्या, बळद द्या. पण मजुराच्या घरातली आठ माणसं अंग चोरून झोपतात असं कोणत्या शास्त्रात लिहिलंय? मनूच्या शास्त्रात असेल. जुन्या गावात महारवाडा, मांगवाडा गावकुसाबाहेर होता. नव्या गावात तो चौरस फुटात आला.

तो काळ गेला म्हणू नका. आज प्रधानमंत्री आवास योजनेतलं खेड्यातलं घरकुल २५ चौरस मीटरचं, म्हणजे २६९ चौरस फूट. तेही मिळण्याआधी साहेब विचारतो, जागा कुणाच्या नावावर? ज्याला जागाच नाय त्यानं आधी जागा आणायची. जागा घ्यायला अनुदानाची वेगळी योजना हाय, त्याचा वेगळा अर्ज, वेगळे हेलपाटे. घर नाय म्हणून अर्ज केला, तर घराचा पुरावा मागतात. माझ्या चुलत्यानं एका ऑफिसात असे हेलपाटे घातले. शेवटी त्याचं म्हातारपण संपलं, अर्ज संपला नाय.

जागा कुठं होती? गायरानात. बाबासाहेब फेब्रुवारी १९४१ मध्ये आपल्या कसबे तडवळ्याला महार-मांग वतनदारांच्या परिषदेला आले होते. पुढं दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला आणि १९६४ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला. बायाबापड्या पोरं कडेवर घेऊन तुरुंगात गेल्या. त्या जोरावर १९९१ साली सरकारनं लिहून दिलं की १४ एप्रिल १९९० पर्यंतची, भूमिहीन मागासवर्गीयांनी शेतीसाठी केलेली गायरानावरची अतिक्रमणं नावावर करू. तारीख जयंतीची निवडली. पण आजही गायरान कसणाऱ्या किती जणांचं नाव सातबाऱ्यावर चढायचं राहिलंय, ते तुमच्या गावात मोजा.

२०११ ला सुप्रीम कोर्ट म्हणालं, गावच्या सामाईक जमिनी मोकळ्या करा. त्याच निकालात अपवाद हाय : भूमिहीनांना, दलित-आदिवासींना सरकारी आदेशानं दिलेली जागा. २०२२ ला राज्यभर गायरानावर राहणाऱ्यांना नोटिसा निघाल्या. नोटीस घरोघर पोचते. अपवाद कुणी वाचून दाखवत नाय. पारध्याच्या पालावर तर नाहीच नाय. त्याला १८७१ च्या कायद्यानं जन्मजात गुन्हेगार ठरवलं. १९५२ ला तो कायदा गेला, पोलिसाची नजर गेली नाय.

आता मोजणी बघा. २८ फेब्रुवारी २०११ च्या रात्री बेघरांची जनगणना झाली. महाराष्ट्रात दोन लाखांच्या वर निघाले. त्या रात्री आपल्या बालाघाटातला ऊसतोड मजूर कारखान्याच्या फडाजवळ पाचटाच्या कोपीत लेकरं घेऊन झोपला होता. गावात त्याचं घर बंद, इथं भिंत नाय. तो कोणत्या रकान्यात बसवला?

जे गाव सोडतात ते मुंबई गाठतात. १९७२ च्या दुष्काळात माझा आजा असाच आला, फुटपाथवर राहिला. १३ जुलै १९८१ ला, ऐन पावसात, मुख्यमंत्री अंतुल्यांनी हुकूम काढला की फुटपाथवाल्यांना उचला आणि गावाकडं पाठवा. कोणत्या गावाकडं? जिथं काम नव्हतं म्हणून निघाले, त्याच. फुटपाथवरची माणसं आणि पत्रकार ओल्गा टेलिस कोर्टात गेले. १० जुलै १९८५ ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पोट भरण्याचा हक्क जगण्याच्या हक्कातच येतो. फार मोठं वाक्य. आणि त्याच निकालात पावसाळ्यानंतर, ३१ ऑक्टोबर उलटल्यावर, फुटपाथ मोकळे करायला परवानगी. हक्क कागदावर राहिला, बोचकं रस्त्यावर.

म्हणून नुसत्या निकालावर विसंबू नका. पण कागद आपल्या बाजूचा असेल तर तो हातात घ्या. २०१३ साली राष्ट्रीय नागरी उपजीविका अभियानानं माप लिहून ठेवलं : शहरात दर एक लाख वस्तीमागं किमान शंभर माणसांचा कायमचा निवारा, माणशी ५० चौरस फूट, वर्षभर, चोवीस तास उघडा. २०११ च्या जनगणनेत आपलं शहर लाखाच्या वर गेलंय. मग नगरपरिषदेला विचारा. निवारा कुठं? खाटा किती? बायांची खोली वेगळी हाय का? रात्री बारा वाजता किल्ली कुणाकडं असते? लेखी विचारा, लेखी उत्तर घ्या.

आता आपल्याकडं बघतो. जयंतीला डीजेच्या भिंती उभ्या करायला आपल्याकडं वर्गणी जमते. मिरवणूक संपल्यावर त्याच चौकात जो झोपतो, त्याच्यासाठी पावती फाटत नाय. काही पोरं शिकून शहरात फ्लॅटात गेली, तीही चादरी वाटून मोकळी होतात. चादर वाटणं सोपं, कारण त्यानं कुणाची खुर्ची हालत नाय.

करायचं ते एवढं. दहा पोरांनी एक रात्र काढा. स्टँड, दवाखान्याचा व्हरांडा, तुळजापूरच्या मंदिराभोवतीचे रस्ते फिरा. झोपलेल्याला उठवू नका, जागा असेल त्याच्याशी बसून बोला. किती बाया, किती म्हातारे, किती लेकरं, कुठल्या गावचे, का निघाले, ते लिहा. ती यादी घेऊन त्या माणसांसकट कलेक्टर कचेरीवर जा. बोलू त्यांनाच द्या, तुम्ही मागं उभे राहा. गायरानावर जेसीबी आला तर नोटीस मागा, निकालातला अपवाद मोठ्यानं वाचा, आणि हलू नका.

पोरं गोळा करा. पावसाळ्याच्या आत पहिली रात्र काढायची.

जयभीम.