नातवंडांसाठी शैक्षणिक अ‍ॅप निवडताना

रक्तदाब तपासून झाला की अनेक आजी-आजोबा निघता निघता विचारतात, ‘‘डॉक्टर, दुपारी नातवाला फोनवर अभ्यासाचे काही लावून दिले तर चालेल ना?’’ घरातील कर्ती माणसे कामावर गेल्यावर मुलाची जबाबदारी ज्यांच्यावर येते, त्यांच्यासाठी हा प्रश्न रोजचा आहे.

प्रथम मुलाचे वय पाहावे. दोन वर्षांखालील मुलांना पडद्यासमोर बसवू नये आणि दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसाकाठी एक तासाहून अधिक वेळ देऊ नये, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सुचवले आहे. या तासात टीव्ही आणि कार्टूनही धरायचे आहे. परगावच्या आप्तांशी अधूनमधून होणारा व्हिडिओ कॉल मात्र याला अपवाद मानण्यास बालरोगतज्ज्ञांची हरकत नाही.

एखादे अ‍ॅप ‘शैक्षणिक’ आहे, हे कोण ठरवते? प्ले स्टोअरवर आपले अ‍ॅप कोणत्या गटात मोडते, हे ते बनवणाराच निवडतो. म्हणून त्या शब्दावर विसंबून राहू नये. कॅथी हर्श-पासेक आणि त्यांच्या सहकारी मानसशास्त्रज्ञांनी २०१५ मध्ये यासाठी चार कसोट्या मांडल्या: मुलाचे डोके चालते का, लक्ष एका गोष्टीवर टिकते का, शिकलेले त्याच्या रोजच्या जगण्याशी जुळते का आणि त्यातून माणसांशी बोलणे घडते का. बरोबर उत्तरानंतर प्रत्येक वेळी फुगे, फटाके आणि नाणी उधळणारे अ‍ॅप मुलाला खिळवून ठेवते; पण त्या गोंगाटात मूळ बेरीज हरवते.

या कसोट्या घरी लावणे अवघड नाही. अ‍ॅप मुलाच्या हाती देण्यापूर्वी पंधरा मिनिटे स्वतः वापरून पाहावे. उत्तर चुकले तर ते समजावून सांगते, की नुसताच कर्कश आवाज काढते? एक धडा संपल्यावर थांबते, की लगेच पुढचा सुरू करते? नंतर फोन बाजूला ठेवून नातवाला जेवणाच्या ताटांजवळ वाट्या मोजून मांडायला सांगावे. पडद्यावरचे मोजणे प्रत्यक्षात उतरले की नाही, हे तेथे कळते.

फोन आजोबांचा असेल, तर त्यातच निवृत्तिवेतनाच्या बँकेचे अ‍ॅपही असते. म्हणून ‘जाहिराती आहेत’ व ‘अ‍ॅपमध्ये खरेदी’ या सूचना आधी वाचाव्यात. सात दिवस मोफत म्हणून कार्ड किंवा यूपीआय जोडून घेणारी अ‍ॅप मुदत संपताच आपोआप पैसे कापू शकतात, ती टाळावीत. प्रत्येक खरेदीपूर्वी पासवर्ड विचारला जाईल, अशी सोय प्ले स्टोअरच्या सेटिंगमध्ये घरच्या जाणत्या माणसाकडून करून घ्यावी. पिन मुलासमोर दाबू नये. मोठ्याने वाचून घेणाऱ्या अ‍ॅपला मायक्रोफोन लागतो, हे समजण्यासारखे आहे. अंकलिपीच्या अ‍ॅपला तुमचे संपर्क कशाला हवेत?

सुरुवात करण्यासाठी काही पर्याय सांगतो. ‘प्रथम बुक्स’च्या ‘स्टोरीवीव्हर’वर मराठीतील सचित्र गोष्टी विनामूल्य वाचता येतात. शाळेत जाणाऱ्यांसाठी ‘दीक्षा’ आहे; पाठ्यपुस्तकावरील क्यूआर कोड त्यावर उघडतो. ‘खान अकॅडमी किड्स’ मोफत आणि जाहिरातमुक्त आहे, मात्र ते मराठीत नाही. एका वेळी एक-दोनच अ‍ॅप ठेवावीत.

जेवताना आणि झोपण्यापूर्वीचा तासभर फोन नको. रोज काही वेळ मोकळ्या उजेडात खेळणे मुलांच्या दृष्टीसाठीही हितकारक आहे. त्यातून लघुदृष्टीचा धोका कमी होतो. फोन काढून घेताच मूल रोज आकांत करत असेल, झोप बिघडली असेल किंवा बोलणे वयाच्या मानाने मागे वाटत असेल, तर अ‍ॅप बदलत बसू नये, बालरोगतज्ज्ञांना दाखवावे.

राहिली चौथी कसोटी, माणसांशी बोलण्याची. ती बहुतेक अ‍ॅपना स्वतःच्या बळावर पार करता येत नाही. गोष्टीतला कोल्हा असा का वागला, हे आजीने विचारले आणि नातीने आपल्या शब्दांत सांगितले, तर तीच गोष्ट तिला अधिक शिकवून जाते. गुडघे दुखत असतील, तर खुर्चीत बसावे. पण त्या अर्ध्या तासात मुलाच्या शेजारी असावे.