विसर पडतो? आधी तपासणी, मग स्कॅन

आई-वडील गावी आणि मुले मुंबईला, हे रत्नागिरी जिल्ह्यातील आपल्या घरोघरचे चित्र आहे. फोनवर आई "बरी आहे" म्हणते. मे महिन्यात मुले घरी आली की कळते, ती तोच प्रश्न चार वेळा विचारते, रोजची वाट चुकते, सुट्या पैशांचा हिशेब तिला लागत नाही. कोणी म्हणते वय झाले, कोणी बाहेरची बाधा सांगते, कोणी थेट मुंबईला नेऊन मेंदूचा स्कॅन करायला सांगते. आम्हांला वाटते, पहिले दोन सल्ले चुकीचे आणि तिसरा घाईचा आहे.

अल्झायमर हा मेंदूचा आजार आहे. त्यात आठवणींशी संबंधित भाग आकसतो, ते एमआरआयमध्ये दिसू शकते. पेट स्कॅनमध्ये अमायलॉईड प्रथिनाचे साठे दिसतात. ते लक्षणांच्या १५ ते २० वर्षे आधीपासून साचू लागतात. पण साठे दिसलेल्या प्रत्येकालाच हा आजार होतो असे नाही. म्हणून धडधाकट माणसाने कर्ज काढून असा स्कॅन करू नये.

विसर पडू लागलेल्यांनी मात्र तपासणी लांबवू नये. बी-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉईडचा बिघाड, नैराश्य यांमुळेही विसर पडतो आणि त्यांवर उपचार आहेत. आधी रक्त, रक्तदाब, साखर व कान तपासावेत. मग डॉक्टर सांगतील तर सीटी किंवा एमआरआय. पडल्यावर गुंगी किंवा गोंधळ वाटला तर मात्र त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. डोक्यात रक्त साचलेले असू शकते.

तपासणीतही न्याय हवा. १०० मधून ७ वजा करा, एक वाक्य लिहा, असे प्रश्न शाळेची पायरी न चढलेल्या आजीला विचारले तर निरोगी आजीही नापास ठरते. ज्या पिढीला शिक्षण नाकारले गेले, तिला पुन्हा तीच शिक्षा का? बाजारहाट, स्वयंपाक, नातेवाइकांची नावे यांवरून विचारणारी तपासणी हवी.

रत्नागिरीत १८८६ पासून मनोरुग्णालय आहे. अशा जिल्ह्यात प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रावर ज्येष्ठांच्या स्मरणशक्तीच्या तपासणीचा दिवस ठरलेला असावा, ही आमची मागणी आहे. ग्रामसभेत तसा ठराव मांडूया. पौर्णिमेला विहारात जमतो तेव्हा एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांची विचारपूस करूया. सल्ल्यासाठी टेली-मानसचा १४४१६ हा मोफत क्रमांक घरात लिहून ठेवावा.