आजोबांची बॅटरी

डॅलसला लेकीकडे गेले, की जावई कुठंतरी फिरवून आणतात. यंदा डिकेटरला नेलं. गावाच्या मधोमध गुलाबी ग्रॅनाइटचं जुनं कोर्ट आणि जवळच वाइज काउंटीचं संग्रहालय. तिथं एका तोफखाना पलटणीच्या आठवणी जपल्या आहेत. १३१व्या फील्ड आर्टिलरीची दुसरी बटालियन. टेक्सासात तिला ‘लॉस्ट बटालियन’, हरवलेली पलटण म्हणतात.

ही नॅशनल गार्डची पलटण, म्हणजे एरवी आपापला कामधंदा करणारी पोरं. बॅटऱ्या, म्हणजे तोफांच्या तुकड्या, गावागावांतून उभ्या राहिलेल्या. एफ जॅक्सबरोची, ई ॲबिलीनची, डी विचिटा फॉल्सची. एका शाळेतली मुलं एका तोफेवर. फिलिपिन्सला निघालेली असताना समुद्रातच पर्ल हार्बरची बातमी आली, वाट बदलली आणि ऑस्ट्रेलियामार्गे जानेवारी १९४२मध्ये ती जावा बेटावर उतरली. मार्चमध्ये तिथं राज्य करणाऱ्या डचांनी जपान्यांपुढं शस्त्रं ठेवली, त्याबरोबर ही पाचशेहून अधिक माणसंही कैद झाली. घरी कितीतरी दिवस काहीच कळेना. जॅक्सबरोसारख्या चिमुकल्या गावात किती घरांनी एकाच वेळी टपालाची वाट पाहिली असेल!

बहुतेकांना ब्रह्मदेश-सयाम रेल्वेच्या कामावर जुंपलं. ४१५ किलोमीटरचा मार्ग, जंगल, पाऊस, पटकी. बांबूच्या ओरखड्यातूनही पायाला जखम व्हायची आणि हाडापर्यंत सडत जायची. अशा कैद्यांना डॉ. हेन्री हेकिंग भेटले. जावातच जन्मलेले हे डच डॉक्टर झाडपाल्याची औषधं आपल्या आजीकडून शिकले होते. आपल्याकडे आजीचा बटवा म्हणतात, तोच हा. पाय कापण्याऐवजी ते चमच्यानं जखम खरवडून साफ करत. तो चमचा माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही.

संग्रहालयात भेटलेल्या एक बाई पलटणीतल्या सैनिकाची लेक निघाल्या. आपण गाव सांगतो तसं त्यांनी पहिल्या वाक्यातच वडिलांची बॅटरी सांगितली. परत आलेले सैनिक दर वर्षी जमायचे. सुंदा सामुद्रधुनीत बुडालेल्या ‘ह्यूस्टन’ युद्धनौकेचे वाचलेले खलाशीही त्यांच्यात असत, कारण कैद एकत्रच भोगलेली. आता ते मेळावे मुलं-नातवंडं भरवतात. शेजारच्या डेंटनमधल्या विद्यापीठानं कित्येकांच्या मुलाखती ध्वनिमुद्रित करून ठेवल्यात. “वडील घरी बोलायचे नाहीत. मी त्यांना त्यांच्या मित्रांकडून ओळखलं,” बाई म्हणाल्या.

त्याच रेल्वेवर सुमारे दोन लाख आशियाई मजूर राबले. त्यांत मलायातले तमिळ हजारोंनी होते. त्यांच्यातल्या मेलेल्यांची धड यादीसुद्धा नाही. याद्या आपोआप होत नाहीत, कुणीतरी बसून नाव नाव लिहावं लागतं.

परतीच्या वाटेवर मी गप्प होते. माझे आजोबा चौथ्या मराठा अँटी टँक रेजिमेंटमध्ये होते. आठव्या भारतीय डिव्हिजनबरोबर इटलीत लढलेली ही पलटण. सेनिओ नदीवर नामदेव जाधवांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला, ते याच डिव्हिजनचे. त्यांचं नाव आपल्याला ठाऊक असतं. पण पायदळामागं तोफा ओढत चिखल तुडवणाऱ्या गोलंदाजांचं काय? आजोबांची लोखंडी ट्रंक गावच्या घराची डागडुजी करताना आम्हीच भंगारात दिली. तिच्यात काय होतं, हे कुणी उघडून पाहिलं नाही. याचं मला अतोनात वाईट वाटतं.

भारतात परतल्यावर वाईला आत्याला फोन केला. ती पंच्याऐंशी वर्षांची आहे. आजोबांची बॅटरी कुठली, हे तिला सांगता आलं नाही. मग म्हणाली, “अगं, त्यांना डाव्या कानानं ऐकू यायचं नाही, आठवतंय ना? ते तोफेनंच गेलं. आई जेवताना कायम उजवीकडं बसायची.”

आम्ही नातवंडंही त्यांना उजवीकडूनच हाक मारायचो. का, ते कधी कुणाला विचारलं नव्हतं. वही काढून तारीख घातली आणि तिचे शब्द जसेच्या तसे उतरवून घेतले.

“त्यांच्या तोफेवरचा एक सोबती आपल्याकडं यायचा,” आत्या म्हणाली. “पाटणकडचा. येताना पोह्यांची पुरचुंडी आणायचा. तू रविवारी ये, तोवर नाव आठवून ठेवते.”